भाषेचा तास आणि भाषेतला तास

(विलेपार्ल्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय 'द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळा कशी निवडावी' असा छापला आहे, आणि त्याविषयी मी सांगणारच आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांची मुले अडीच ते सहा वर्षांची आहेत, हे संयोजकांनी मला आधीच कळवले होते. या वयाच्या मुलांच्या आईवडिलांकडे तीनचार शाळांची माहितीपत्रके जमलेली असतात, आय.बी. आणि केंब्रिज ही आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळे म्हणजे काय हे त्यांनी रात्री जागून वाचलेले असते, आणि मूल झोपल्यावर घरात दुसरा विषय निघत नाही. त्यामुळे मी अगदी मुळापासून सुरुवात करत नाही.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी आधी मांडते, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी ते राहून जायला नको. शाळेत भाषेचा तास असणे ही एक गोष्ट आहे आणि भाषेतला तास असणे ही दुसरी. मराठीच्या तासाला मूल मराठी शिकते: कविता, जोडाक्षरे, समानार्थी शब्द, पत्रलेखन. मराठीतल्या तासाला मूल मराठीतून दुसरेच काहीतरी शिकते: पाऊस कसा पडतो, अपूर्णांकांची बेरीज कशी करायची, मुंबईची सात बेटे एकमेकांना कशी जोडली गेली. ज्या शाळेच्या वेळापत्रकात दोन भाषांमधले तास आहेत, तिला मी द्विभाषिक शाळा म्हणते. जिथे एका भाषेत सगळे विषय आहेत आणि दुसरी भाषा हा स्वतःच एक विषय आहे, ती शाळा चांगली असू शकते, उत्तमही असू शकते, पण ती एकभाषिक शाळा आहे, आणि पालकांनी ती तशी समजूनच निवडावी.

मी ३१ वर्षे शिकवले. त्यातली २२ वर्षे दादरच्या एका मराठी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवले, आणि शेवटची ९ वर्षे एका आंतरराष्ट्रीय शाळेत काढली. दोन्हीकडच्या मुलांवर माझा सारखाच जीव होता. त्यामुळे एका प्रकारच्या शाळेची बाजू घेऊन दुसरीवर टीका करायला मी इथे आलेले नाही.

दोन भाषा शेजारी ठेवून ज्ञान मिळवण्याची कल्पना मुंबईला परदेशातून आयात करावी लागलेली नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, ते याच शहरात. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचणारा वाचक त्यांनी डोळ्यांसमोर धरला होता. स्वतः बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि मराठीत शालेय पुस्तके लिहीत. पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. कर्नल जर्व्हिस आणि आपले नाना शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. नाना काही इंग्रजी विद्येचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टनसारख्या संस्था उभ्या राहाव्यात म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यात ते अग्रभागी होते. तरीही, सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच न्यावे लागेल, हे त्यांनी लेखी मांडले. आज आपण माहितीपत्रकांवर 'द्विभाषिक' हा शब्द वाचतो, तेव्हा त्यामागे या शहराचा पावणेदोनशे वर्षांहून जुना विचार उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

आता मी एक घरातली गोष्ट सांगते. ती थोडी लांबेल, पण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

माझी नात आता सहावीत आहे. ती चौथीत असताना मे महिन्यात चिपळूणहून माझ्या नणंदबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. वन्सं तेव्हा ८४ वर्षांच्या होत्या. शाळा चौथीपर्यंत झालेली, इंग्रजीचा गंध नाही, पण मुलांना बोलते करण्याची त्यांना विलक्षण हौस. नातीच्या शाळेत त्या वर्षी पाण्यावरचा पाठ झाला होता. तिने त्यावर मोठा तक्ता केला होता आणि सगळ्या वर्गासमोर उभे राहून इंग्रजीत सात मिनिटे बोलली होती. त्याची चित्रफीत आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. वन्संनी ती पाहिली, कौतुकाने पाहिली, आणि तिला जवळ बसवून म्हणाल्या, "अगो, तू बोललीस छान, पण मला त्यातले काही कळले नाही. पाऊस कसा पडतो ते मला आपल्या भाषेत सांग बघू."

ती बोलायला लागली. "आत्याआजी, पहिल्यांदा ना, सूर्य असतो. मग पाणी ना, ते…" आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. माझ्याकडे बघितले. मग अगदी मनापासून म्हणाली, "आजी, मला येतं. पण मला ते मराठीत येत नाही."

तुम्ही आत्ता हसलात, तसे तेव्हा आम्हीही हसलो. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात. ती मराठीत भांडते, मराठीत हट्ट करते, मराठीत स्वप्नात बडबडते. 'बाष्पीभवन' हा शब्द तिला माहीत नव्हता, हे खरे, पण अडचण तेवढीच नव्हती. एक शब्द तर मी सांगितला असता. 'त्यामुळे', 'जसजसे… तसतसे', 'याचे कारण असे की', 'जोपर्यंत… तोपर्यंत' अशी जी वाक्ये विचाराला विचार जोडून पुढे नेतात, ती तिने मराठीत कधी वापरलेलीच नव्हती, कारण मराठीत तिला कधी कोणी काही समजावून सांगायला लावलेच नव्हते. तिची मराठी जेवणाची, खेळण्याची आणि लाडाची मराठी होती. ती मराठी फार मोलाची आहे, तिच्यावाचून घर हे घर राहत नाही. पण चौथीतल्या मुलीची बुद्धी जिथे पोहोचली होती, तिथे तिची मराठी पोहोचलेली नव्हती. तिची मराठी बालवाडीत थांबून राहिली होती आणि ती स्वतः पुढे निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी चहाचे आधण ठेवले. पातेल्यावर झाकण ठेवले आणि तिला हाक मारली. थोड्या वेळाने झाकण उचलून तिच्यासमोर तिरके धरले. झाकणाच्या आतून थेंब ओघळत होते. वन्सं म्हणाल्या, "हे बघ, झाकणाला वाफ धरली. आता हे पाणी आले कुठून? झाकण तर मी कोरडे ठेवले होते." नात क्षणभर बघत राहिली आणि ओरडली, "हेच कंडेन्सेशन!" मी शेजारून म्हटले, "यालाच सांद्रीभवन म्हणतात." आणि वन्सं म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणायचे ते म्हणा, आधी तिला सांगू दे की आभाळात झाकण कोणाचे असते." मग अर्धा तास त्या दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून बोलत होत्या. आभाळात झाकण नसते, तर वाफ कशाला धरते? उंच गेल्यावर गारवा असतो, म्हणून. मग थंडीत पहाटे गवतावर दहिवर पडते, तेही तेच का? हो, तेही तेच! दहिवर हा शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि पागोळ्या हाही. पागोळ्या म्हणजे पावसात कौलांच्या कडेवरून ज्या धारा लागतात, त्या. आमच्या पार्ल्यात कौलारू घरे होती, तोवर हा शब्द इथेही रोजचा होता. चहा उकळून उकळून कडू झाला, तो आम्ही तसाच प्यायलो.

त्या अर्ध्या तासाला मी मराठीतला तास म्हणते.

मी जून महिन्यात शाळेत गेले. सुनेला आधी विचारले, ती म्हणाली, "आई, तुम्हीच बोला, तुम्हाला नेमके सांगता येईल." शाळा पश्चिम उपनगरातली आहे, नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हे एका शाळेचे दुखणे नव्हे. प्रवेशाच्या वेळी त्यांच्या माहितीपत्रकात, आमची मुले इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरतात, असे लिहिले होते. मी वेळापत्रक मागितले. आठवड्याला मराठीचे ३ तास, प्रत्येकी ४० मिनिटांचे, म्हणजे आठवड्याला २ तास. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये त्यातले बरेचसे तास स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेलेले. मी मराठीच्या शिक्षिकांना भेटले. एम.ए., बी.एड. झालेल्या, शिकवण्याची तळमळ असलेल्या बाई. त्यांना स्वतःची वर्गखोली नव्हती. पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून त्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात फिरत. ज्या बैठकीत चौथीच्या शिक्षिका एकत्र बसून पाण्याच्या पाठाचे नियोजन करत, त्या बैठकीला त्यांना बोलावत नसत, कारण त्या 'भाषेच्या' शिक्षिका. आणि मला सगळ्यात अधिक लागले ते हे: वर्गात जलचक्राचा पाठ चालू होता, त्याच महिन्यात मराठीच्या तासाला याच मुलांना पावसाची कविता शिकवली जात होती. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाऊस चालू होता आणि दोन्हीकडच्या शिक्षिकांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी मधल्या सुट्टीत एकमेकींशी दहा मिनिटे बोलायची सोय जरी शाळेने केली असती, तरी माझ्या नातीला आत्याआजीसमोर गप्प बसावे लागले नसते.

समन्वयकांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या की मराठी आम्ही नियमानुसार शिकवतो आणि त्यातून मुलांची संस्कृतीशी नाळ जुळते. नियम तर आहेच. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांना, आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांनाही, पहिली ते दहावी मराठी हा विषय सक्तीचा केला, आणि तो टाळणाऱ्या शाळेच्या प्रमुखाला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली. त्या कायद्याचे मी स्वागतच केले होते. पण कायदा तुम्हाला भाषेचा तास मिळवून देऊ शकतो. भाषेतला तास शाळेने मनावर घेतले तरच मिळतो. आणि संस्कृतीविषयी माझे मन असे आहे की नऊवारी नेसून एक दिवस लेझीम खेळणे हा आनंदच आहे, तो मुलांना मिळालाच पाहिजे, पण ज्या भाषेत मुलांना प्रश्न पडत नाहीत, ती भाषा नाटकातल्या पोशाखासारखी वर्षातून एकदा कपाटातून काढली जाते. तेव्हापासून मी हे सांगत आले आहे आणि ज्या ज्या शाळेने मला बोलावले, तिथे हेच सांगितले आहे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आपल्या राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर एप्रिल ते जून केवढे वादळ उठले, ते तुम्हाला आठवत असेल. शेवटी सरकारने ते निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या चर्चेत मुलाला किती भाषा हव्यात हे सगळे विचारत होते. कोणत्या भाषेत कोणता विषय, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. नात्याने जवळचे, पण वेगळे प्रश्न आहेत हे.

यावर एक शंका नेहमी येते आणि ती रास्त आहे. काही विषय मराठीतून शिकवले, तर इंग्रजी कच्चे राहील का? कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला, तो मला फार उपयोगी पडला. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची, विचार मांडण्याची भाषा वेगळी. नव्या देशात आलेली मुले साधारण दोन वर्षांत तिथली बोलण्याची भाषा सफाईने बोलू लागतात, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. घरात मराठी छान बोलते म्हणून तिची मराठी चांगली आहे, असे आम्ही समजत होतो, ती चूक नेमकी इथे होती. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे की दोन भाषांच्या खाली समजुतीचा पाया एकच असतो. झाकणावरचे थेंब का जमतात, हे ज्याला मराठीत कळले, त्याला ते इंग्रजीत पुन्हा कळून घ्यावे लागत नाही, फक्त शब्द शिकावा लागतो.

कॅनडातलेच दुसरे उदाहरण शाळांच्या सभांमध्ये नेहमी दिले जाते. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून मुलांचा बालवर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट यांनी सहकाऱ्यांसह त्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुले फ्रेंच उत्तम शिकली आणि त्यांचे इंग्रजीही मागे राहिले नाही. हे उदाहरण देऊन आपल्याला सांगितले जाते की बघा, मूल पूर्ण परक्या भाषेत टाकले तरी घरची भाषा शाबूत राहते. पण त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती! दूरदर्शनवर इंग्रजी, दुकानात इंग्रजी, नोकरीत इंग्रजी, सगळे जग तिला सांभाळायला उभे होते. मुंबईत आपल्या घरच्या भाषेला असे कोण सांभाळते? लँबर्ट यांनीच पुढे सांगितले की दुसरी भाषा कधी पहिलीत भर घालते आणि कधी पहिलीची जागा घेते. कोणती भाषा समाजात बळकट आहे, त्यावर ते ठरते. आपल्याकडे इंग्रजी बळकट आहे. म्हणून मुंबईतल्या द्विभाषिक शाळेत विषयांचा अधिक वाटा मराठीला, निदान पाचवीपर्यंत, द्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तिथे पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत व पुढेही, घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे.

कार्यवाहांनी मला दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी दिली आहे आणि ज्यासाठी तुम्ही आलात, ते अजून सांगायचे आहे. म्हणून आता भरभर सांगते, ज्यांना लिहून घ्यायचे आहे त्यांनी घ्यावे.

शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत, तरणतलाव आणि प्रयोगशाळा दाखवून झाल्यावर पहिलीचे आणि चौथीचे छापील वेळापत्रक मागा. मराठीतून कोणता विषय शिकवला जातो, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर 'मराठी' असे आले, तर ते भाषेचे तास आहेत हे समजून पुढचे ठरवा. आय.बी.ची प्राथमिक शाळा असेल तर वर्षाला ठरावीक संकल्पनांवर शोधपाठ असतात. त्यांतल्या कोणत्या पाठांच्या नियोजनाला मराठीच्या शिक्षिका बसतात, हे विचारा. त्या अभ्यासक्रमात सात वर्षे वयापासून एकाहून अधिक भाषा शिकण्याची सोय शाळेने करायचीच असते, पण ती दुसरी भाषा फ्रेंच किंवा स्पॅनिशही असू शकते, म्हणून नाव विचारून घ्या. प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी मुले जे प्रदर्शन मांडतात, त्यात गेल्या वर्षी किती मुले मराठीत बोलली, हेही विचारा. मराठीच्या शिक्षिकांना दहा मिनिटे भेटू देतात का, ते पाहा, आणि भेटल्यावर त्या कुठे बसतात ते पाहा. शक्य झाल्यास सातवीआठवीतल्या एखाद्या मुलाला विज्ञानातली कुठलीही गोष्ट मराठीत समजावून सांगायला सांगा. शाळेची सगळी माहितीपत्रके वाचून जे कळणार नाही, ते या एका मुलाकडून दोन मिनिटांत कळते.

पुढच्या इयत्तांचे आजच विचारून ठेवा. केंब्रिजच्या नववीदहावीला दुसरी भाषा कोणती देतात? आय.बी.च्या अकरावी-बारावीच्या पदविकेत दोन भाषांचे साहित्य प्रथम भाषेच्या पातळीवर अभ्यासले, तर द्विभाषिक पदविका मिळते. मातृभाषेचे साहित्य स्वतःच्या अभ्यासाने, शाळेच्या देखरेखीखाली शिकण्याचीही वाट आहे. मराठीसाठी ती वाट तुमची शाळा देणार का, हे लेखी घ्या. भारतातल्या विद्यापीठांत जायचे असेल, तर या परीक्षांची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघ ठरवतो आणि त्यात विषयांच्या अटी असतात. वैद्यकीय शिक्षणाकडे कल दिसला, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय घेता येतात ना, हे अकरावीत नव्हे, आत्ताच पाहा.

'आंतरराष्ट्रीय' हा शब्द नावात आहे म्हणून मंडळाची मान्यता आहे, असे समजू नका. आय.बी.मध्ये 'उमेदवार' शाळा आणि 'अधिकृत' शाळा असे दोन टप्पे आहेत, आणि उमेदवार शाळेला मान्यता मिळेलच, याची हमी नसते. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करणे आणि देणगी मागणे, या दोन्ही गोष्टींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. शुल्काबाबत महाराष्ट्राचा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरवावे लागते. त्या समितीचे इतिवृत्त पाहायला मागा. बस, जेवण, टॅब्लेट आणि परीक्षांचे शुल्क त्यात धरले आहे की वेगळे, हेही विचारा. पहिलीला प्रवेश घेताना त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ज्यांना लाखांतले शुल्क झेपणार नाही, त्यांनी खंत करू नये. आपल्या महापालिकेच्या शाळा आजही आठ भाषांतून शिकवतात, आणि माटुंग्यातल्या एका शाळेत केंब्रिजचा, तर इथे पार्ल्यात एका शाळेत आय.बी.चा अभ्यासक्रम महापालिकेनेच सुरू केला आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्ग तर आपल्या ओळखीचेच आहेत. मी आज मांडलेल्या व्याख्येने तेही द्विभाषिक शिक्षणच आहे.

आता बस. बोरिवलीहून वांद्र्याला जाणारे मूल जाताना दीड तास आणि येताना दीड तास बसमध्ये असेल, तर आठवड्याला १५ तास झाले. मराठीला २ तास आणि बसला १५. ही निवासी शाळा नाही, दिवसाची शाळा आहे. दुपारी चार-साडेचारला मूल घरी येते आणि भाषेचा अर्धा भार घराने उचलायचा असतो. ते सहा वाजता पेंगत आले, तर घराच्या वाट्याला काय उरते? म्हणून दोन शाळांमध्ये फारसा फरक नसेल, तर जवळची घ्या. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, एकदा सोमवारी सकाळी सात वाजता स्वतः तो प्रवास करून पाहा.

आणि घराच्या वाट्याविषयी एकच. आठवड्यातून एकदा शाळेत शिकलेली एक गोष्ट मुलाने मराठीत कोणालातरी समजावून सांगायची, आणि ऐकणाऱ्याने खरोखर प्रश्न विचारायचे. आमच्याकडे दर रविवारी सकाळी चिपळूणला फोन लागतो. वन्संना आता ऐकू थोडे कमी येते, त्यामुळे नातीला प्रत्येक वाक्य मोठ्याने आणि नीट पूर्ण करावे लागते. मागच्या रविवारी लोहचुंबकाचा पाठ होता. तिने तो छान सांगितला. चुंबक लोखंडाला ओढतो, निकेलला ओढतो. वन्संनी सगळे ऐकले आणि विचारले, "मग माझ्या पितळेच्या तांब्याला का चिकटत नाही? तोही धातूच ना?" नातीला उत्तर आले नाही. तिने तो प्रश्न वहीत मराठीतच लिहून घेतला आणि सोमवारी मराठीच्या बाईंकडे नेला. बाई तो घेऊन विज्ञानाच्या बाईंकडे गेल्या.